चोरलेले अंग, चोरलेली जात : दलित स्वकथनांतील भयाचे स्थान

मराठी आत्मचरित्रांच्या परीक्षणांत 'निर्भीड' या विशेषणाइतके सैल हाताने वापरले गेलेले विशेषण क्वचितच सापडेल. लेखकाने व्यसनाची कबुली दिली, बापाची मारहाण सांगितली, स्वतःच्या संसारातील विसंवाद मांडला, की परीक्षणकर्ता त्याला निर्भीड म्हणून मोकळा होतो. या विशेषणामागे एक गृहीतक दडलेले असते. माणसाचे एक खरे, आतले 'स्व' असते. लोकापवादाच्या भयाने ते झाकलेले असते. लेखक हे भय ओलांडतो आणि 'स्व' प्रकट होते, असे ते गृहीतक आहे. त्यावरून पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो : भय जितके कमी, तितके लेखन अस्सल. दलित स्वकथनांच्या बाबतीत हा निष्कर्ष इतका रूढ झाला आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. या लेखनात भय हा अनुभवावर पडलेला पडदा नाही. तो अनुभवाचाच घटक आहे, आणि निवेदनाची रचना बव्हंशी त्यातूनच घडते. निर्भीडपणाचा निकष येथे अपुरा तर ठरतोच, शिवाय तो वाचकाला भलत्याच ठिकाणी पाहायला लावतो.

या निकषाला आपल्याकडे एक प्रतिष्ठित पूर्वज आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) मध्ये आत्मनिष्ठेचा विचार मांडला, तेव्हा त्यांचा रोख उसन्या भावना आणि उसनी शब्दकळा यांच्यावर होता. त्या काळच्या संकेतशरण काव्याच्या संदर्भात तो रोख रास्तच होता. पुढे मात्र ही संकल्पना 'अनुभवाचा प्रामाणिकपणा' अशा ढोबळ रूपात समीक्षेत रुळली, आणि अनुभव हा लेखकाच्या निर्विवाद मालकीचा ऐवज असतो, तो त्याने फक्त खोट न मिसळता पुढे ठेवायचा असतो, अशी समजूत तिच्याबरोबर आली. पाश्चात्त्य विचारात लायोनेल ट्रिलिंगने 'सिन्सिअरिटी अँड ऑथेंटिसिटी' (१९७२) या व्याख्यानग्रंथात इतरांशी खोटे न वागण्यासाठी स्वतःशी खरे असणे आणि इतरांची पर्वाच न करता स्वतःशी खरे असणे यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. पण ट्रिलिंगसमोर असलेल्या व्यक्तीला, ती समाजाशी कितीही फटकून असली तरी, माणूस म्हणून मोजले जाण्याची खात्री आधीच मिळालेली असते. जिला ती खात्रीच नाही, तिने इतरांची पर्वा सोडायची म्हणजे नेमके काय करायचे?

मराठी भाषेकडेच या प्रश्नाचे काही उत्तर आहे. 'लोक काय म्हणतील' मधले लोक आणि 'चारचौघांत' मधले चारचौघे यांना चेहरा नसतो, पण पत्ता असतो. ते आळीतले, भावकीतले, जातीतले असतात. पांढरपेशा माणसाचे भय या चारचौघांपुरते असते आणि ते चारचौघे त्याच्याच बरोबरीचे असतात. गावकुसाबाहेरच्या माणसाला असे चारचौघे दोन असतात : एक गावाचे आणि एक वाड्यातले. पहिल्यांच्या दृष्टीने त्याचे असणेच मुळात दोषास्पद. दुसऱ्यांच्या दृष्टीने तो दोष वेशीबाहेर नेऊन सांगणे हे दोषास्पद. या दोन्ही दृष्टींच्या मध्ये तो जसा उभा राहतो, त्याला मराठीत फार नेमका वाक्प्रचार आहे : अंग चोरून उभे राहणे. अंग चोरणारा कुणाचे काही चोरत नसतो. तो आपलेच शरीर आखडून घेतो, कमी जागा व्यापतो, दुसऱ्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने राहतो. भाषेने मात्र या आखडण्याला चोरीच्या क्रियापदात बसवले आहे. जणू स्वतःचे अंग हीही कुणा दुसऱ्याची मालमत्ता असावी.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेच्या शीर्षकात हेच क्रियापद आहे. १९६३ साली याच नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हापासून त्याच्या शीर्षकाची दाहकता वाखाणली गेली आहे. पण 'लपवली' असे न म्हणता 'चोरली' का म्हटले, याची चर्चा पुरेशी झालेली नाही. लपवले जाते ते आपले असते. चोरले जाते ते दुसऱ्याचे. रेल्वेत नोकरी लागलेला, कविता करणारा हा तरुण परगावी आपली जात सांगत नाही, तेव्हा व्यवस्थेच्या लेखी त्याने सवर्णांची प्रतिष्ठा चोरलेली असते. कथेतील निवेदक हा आरोप नाकारत नाही. तो आरोपाचीच भाषा स्वतःच्या तोंडी घेतो. कथेचे शीर्षक हा एका अर्थाने आरोपीचा कबुलीजबाब आहे आणि त्याच वेळी तो गुन्ह्याची व्याख्या करणाऱ्या कायद्याचा उपहासही आहे. निर्भीडपणाच्या निकषावर ही कथा मोजू गेल्यास फार तर इतके म्हणता येईल की निवेदक भित्रा आहे आणि आपली जात उघडपणे सांगणारा, अंगावर येणाऱ्याशी दोन हात करायला सिद्ध असणारा काशीनाथ निर्भय आहे. बऱ्याच विवेचनांत ही विभागणी झालेली दिसते. मग काशीनाथ हाच अस्सल, आणि निवेदक त्याच्याकडून धडा घेणारा, असा अर्थ सहजच निघतो.

मला हा अर्थ मान्य होत नाही. बागुलांनी कथा काशीनाथाच्या तोंडी दिलेली नाही. ती भ्यालेल्याच्या तोंडी आहे. काशीनाथाला जे दिसत नाही ते या निवेदकाला दिसते : सहकाऱ्याच्या आदराचे रूप, आपल्या कवितेला मिळणारी दाद, त्या दादेचे नाजूक आयुष्य. आपण ज्या क्षणी ओळखले जाऊ त्या क्षणी ही दाद मारात रूपांतरित होणार, हे त्याला सतत ठाऊक असते. त्यामुळे स्नेहाचा प्रत्येक प्रसंग त्याला दुहेरी दिसतो. भय ही येथे दृष्टी आहे. ती काढून घेतली तर कथेतील सवर्ण माणसांचा चांगुलपणा आणि त्या चांगुलपणाची अट हे दोन्ही एकाच वेळी दिसणे अशक्य झाले असते. शेवटी मार खाल्ल्यावर निवेदक मारणाऱ्यांना दोष देत नाही, मनूकडे बोट दाखवतो. हा शेवट काहींना वैचारिक आणि म्हणून चिकटवलेला वाटला आहे. पण आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यामागचा नियम वाचण्याची सवय भयानेच ज्याला लावली, त्याच्या तोंडी हे वाक्य मुळीच उपरे नाही.

येथे एका अकाल्पनिक लेखनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात इंग्रजीत लिहिलेली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही आत्मपर टिपणे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. ती पुस्तिकारूपाने १९९० साली आली. त्यांत १९१७ सालच्या बडोद्याचा प्रसंग आहे. परदेशातून शिकून आलेला हा तरुण अधिकारी बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला येतो, आणि कुठेच जागा मिळणार नाही हे जाणून एका पारशी धर्मशाळेत उतरतो. अंगावर सदरा व कस्ती नाही हे तेथील रखवालदाराच्या लक्षात येते. शेवटी नोंदवहीत पारशी नाव लिहायचे, अशी तडजोड होते. वरच्या मजल्यावर, अडगळीत, वटवाघळांच्या सोबतीने काढलेल्या रात्रींचे वर्णन तेथे आहे. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव येतो आणि त्यांना बाहेर पडावे लागते. बागुलांच्या कथेतील तरुण आणि हा तरुण यांच्यात अर्धशतकाहून थोडेच कमी अंतर आहे. कथेवर या टिपणांचा प्रभाव असल्याचे मी सुचवीत नाही. माझे लक्ष वेधले जाते ते आंबेडकरांच्या निवेदनातील स्वराकडे. खोटे नाव घेतल्याबद्दल तेथे पश्चात्ताप नाही आणि समर्थनही नाही. पत्करलेल्या सोंगाची हकीकत ते जवळजवळ साक्षीदाराच्या कोरडेपणाने सांगतात. राष्ट्राच्या इतिहासातील निर्भयतेचे ज्यांना प्रतीक मानले जाते, त्यांच्याच आत्मपर लेखनातील एक महत्त्वाचे प्रकरण भयाचे आहे आणि ते तसेच राहू दिलेले आहे. स्वत्वाचा शोध म्हणजे सोंग टाकून देणे, या सोप्या समीकरणाला तेथे थारा नाही. कारण सोंग टाकले असते तर रात्री छप्पर मिळाले नसते.

अस्तित्ववादी विचाराने 'दुसऱ्याच्या दृष्टी'ची जी मीमांसा केली तिचा आधार अशा वेळी घेण्याचा मोह होतो, आणि मराठीत तो अनेकदा घेतला गेला आहे. सार्त्रच्या 'बीइंग अँड नथिंगनेस' (१९४३) मधील किल्लीच्या भोकातून डोकावणारा मनुष्य पावलांचा आवाज ऐकून लज्जित होतो, कारण तो अकस्मात दुसऱ्याच्या नजरेतील वस्तू बनतो. पण हा मनुष्य निदान डोकावत तरी होता. शिवाय तत्त्वतः तो उलटून पाहू शकतो. नजर परत करता येते. फ्रान्झ फॅननने १९५२ साली दाखवून दिले की वर्णभेदाच्या समाजात ही परतफेड बंद असते. जातीच्या संदर्भात आणखी एक गुंतागुंत आहे. येथे पाहणे दुय्यम आहे. सावली, स्पर्श, पाणी, आडनाव, राहण्याचा पत्ता यांतून न्याय आधीच झालेला असतो. नजर नंतर येते आणि फक्त निकाल वाचून दाखवते. म्हणून जातीच्या लज्जेला सार्त्रच्या अर्थाने लज्जेचा 'क्षण' नसतो. ती जन्मापासून साचत आलेली असते आणि ती शरीराच्या ठेवणीत, आवाजाच्या पट्टीत, सहीत उतरलेली असते.

सहीचा विषय निघाला म्हणून 'बलुतं'कडे वळतो. दया पवारांचे हे पुस्तक 'ग्रंथाली'ने १९७८ साली प्रसिद्ध केले. त्यातील दोन निवेदकांची योजना सर्वपरिचित आहे : दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार लिहितो. फिलिप लेजनने १९७५ साली आत्मचरित्राचा जो करार सांगितला, त्यात लेखक, निवेदक आणि नायक यांच्या नावांची एकरूपता ही पहिली अट आहे. येथे आडनाव एक, नावे दोन. अट पाळलेलीही आहे आणि मोडलेलीही. दगडू हे जन्माने दिलेले नाव, दया हे साहित्यात मिळवलेले. या दोहोंतील अंतर हेच आत्मभानाचे अंतर, असा अन्वयार्थ लावला जातो. तो चुकीचा नाही, पण तो दोन नावांना एकाच रस्त्यावरची दोन मुक्कामाची ठिकाणे मानतो. पुस्तक उघडताच वाचकाला जे सांगितले जाते ते मात्र याहून बरेच अस्वस्थ करणारे आहे. हे कुणालाही सांगू नये अशी दगडूची इच्छा आहे, आणि लिहिणाऱ्यालाही मनातून तसेच वाटते. लिहिणारा स्वतःला लेखक म्हणवत नाही. तो केवळ ओझे वाहणारा हमाल आहे.

म्हणजे मराठीतील सर्वांत 'निर्भीड' गणल्या गेलेल्या आत्मकथनाच्या दारावरच 'सांगू नये' अशी पाटी आहे. ही पाटी आपण ओलांडून जातो. विनय किंवा वाङ्मयीन युक्ती म्हणून तिची बोळवण करतो. ती अक्षरशः घेतली तर काय होते? सांगणाऱ्याची इच्छा मोडून हे पुस्तक अस्तित्वात आले, असे मानावे लागते. मग दया पवार हा दगडूचा मुक्तिदाता राहत नाही. तो त्याचे गुपित फोडणाराही ठरतो. दोन निवेदकांची योजना ही भयाची वाटणी आहे. दगडूकडे जगणे आणि लाज. दयाकडे भाषा आणि वाचकांपुढे उभे राहण्याची जबाबदारी. एकाच माणसाला ही दोन्ही ओझी एका वेळी वाहता येत नाहीत म्हणून ती दोन नावांवर विभागली आहेत.

'हमाल' आणि 'बलुतं' ही दोन पदे एकत्र वाचली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. बलुते हा गावकीच्या कामाबद्दल मिळणारा वाटा. आणि महाराच्या गावकीच्या कामांत सांगावा पोहोचवणे हे एक काम होते. मयताची बातमी घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी जायचे, तेथे दुरूनच ती सांगायची, आणि परतायचे. बातमी त्याची नसे. मेलेला त्याचा कुणी नसे. तो फक्त तोंड असे. स्वतःला ओझेवाहू म्हणवणारा 'बलुतं'चा लेखक या जुन्या भूमिकेत पुन्हा उभा राहतो, परंतु यावेळी सांगावा त्याच्याच घरचा आहे. तो कुणाला पोहोचवायचा, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 'ग्रंथाली'च्या वाचक चळवळीतून हे पुस्तक ज्यांच्या हाती पडले तो वर्ग मुख्यतः पांढरपेशा होता. नागपाड्याच्या कावाखान्यातील बालपण, गावाकडचा महारवाडा, मेलेल्या जनावरांच्या मांसाचे वाटे, यांतले काहीच या वाचकाने पाहिलेले नव्हते. सांगावा पुन्हा गावातच गेला होता.

या पार्श्वभूमीवर, दलित समाजातल्याच सुशिक्षितांकडून आलेल्या आक्षेपाचा पुनर्विचार व्हायला हवा. हा उकिरडा कशाला उपसायचा, जे मागे टाकले ते जगापुढे कशाला मांडायचे, असा तो आक्षेप होता. तत्कालीन समीक्षेने त्याची संभावना नवमध्यमवर्गीय भित्रेपणा अशी केली. ती अंशतः खरीही असेल. शहरात आडनाव बदलून किंवा न सांगून राहणाऱ्यांना शेजाऱ्यांनी हे पुस्तक वाचण्याचा धसका वाटणे स्वाभाविक होते. बागुलांच्या कथेतील तरुण आता नोकरीत कायम झाला होता इतकेच. पण या आक्षेपात एक अचूक जाण होती, आणि तिला समीक्षेने उत्तर दिले नाही. कोण वाचणार आहे आणि वाचून त्याला काय मिळणार आहे, हे आक्षेपकांना समीक्षकांपेक्षा अधिक ठाऊक होते. सवर्ण वाचकाला कबुली ऐकण्याचे समाधान मिळते. त्याचा अपराधभाव थोडा हलका होतो, आणि 'निर्भीड' हे विशेषण देऊन तो पुन्हा न्यायाधीशाच्याच खुर्चीत बसतो. निकाल अनुकूल लागला म्हणून न्यायालय बरखास्त होत नाही.

याचा पडताळा वेगळ्या ठिकाणी घेता येतो. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले तेव्हा प्रतिष्ठित घरातील खासगी गोष्टी चव्हाट्यावर आणाव्यात का, याची चर्चा झाली. तेथे सांगणे जास्त झाले अशी तक्रार होती. दलित स्वकथनांच्या बाबतीत अशी तक्रार पांढरपेशा वाचकाने सहसा केली नाही; तेथे उघडेपणा हा लेखनाचा गुणच नव्हे, तर जवळजवळ प्रवेशमूल्य मानले गेले. एकाच वाचकवर्गाने एका घराच्या खासगीपणाचा कैवार घ्यावा आणि दुसऱ्या घराला खासगीपण असते हे त्याच्या ध्यानीही येऊ नये, याला वाङ्मयीन अभिरुची म्हणणे कठीण आहे.

खासगीपणाचा हा प्रश्न स्त्रीकडे वळला की अधिकच तीव्र होतो, आणि येथे 'बलुतं'च्या शेजारी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ठेवून पाहणे आवश्यक आहे. 'बलुतं'मध्ये सई या पहिल्या पत्नीची हकीकत आहे. निवेदकाच्या मनात तिच्याविषयी संशय शिरतो आणि त्या संशयापायी संसार मोडतो. पवारांनी ही हकीकत स्वतःला फारसे न वाचवता सांगितली आहे. त्यात पश्चात्तापाचा सूर आहे आणि तो खोटा वाटत नाही. निर्भीडपणाच्या निकषावर हा पुस्तकातील कळसाचा भाग ठरतो, आणि तसा तो ठरवलाही गेला आहे. पण या कबुलीची किंमत कुणी दिली? पुरुष आपला संशय कबूल करतो तेव्हा जिच्यावर संशय घेतला ती स्त्री दुसऱ्यांदा चारचौघांपुढे उभी केली जाते. तिला दगडू व दया अशी दोन नावे घेण्याची सोय नाही. तिला निवेदकही नाही. दगडूच्या 'सांगू नये'ची नोंद पुस्तकाने प्रामाणिकपणे केली आहे. सईला सांगावेसे वाटत होते की नाही, हा प्रश्न मात्र पुस्तकाच्या कक्षेत येत नाही.

बेबी कांबळे यांनी हे पुस्तक अनेक वर्षे घरातल्यांपासून लपवून लिहिले. फलटणमधील आपल्या छोट्याशा दुकानात बसून त्या लिहीत आणि नवऱ्याच्या वा मुलाच्या नजरेस पडू नये म्हणून वह्या दडवून ठेवीत. मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे हे लेखन बाहेर आले आणि पुस्तक होण्यापूर्वी 'स्त्री' मासिकातून प्रसिद्ध झाले. पुस्तकात महारवाड्यातील स्त्रियांच्या छळाची जी वर्णने आहेत ती वाचवत नाहीत : कोवळ्या सुनांचे हाल, संशयावरून कापली जाणारी नाके. तरीही लेखिकेच्या स्वतःच्या संसाराविषयी त्यात जवळजवळ काहीच नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाबरोबर २००८ साली जी मुलाखत छापली गेली, तीत नवऱ्याचा संशय आणि मारहाण हे विषय आले. पुस्तकात हे का नाही, याचे त्यांनी दिलेले कारण साधे आहे : सगळ्याच बायकांचे हे होते, मग आपले वेगळे काय सांगायचे, आणि आपण लिहिली ती समाजाची कथा.

हे भय की निवड? मुलाखत वाचल्यावर पुस्तकाकडे परत जाऊन 'अखेर सत्य उघड झाले' असे म्हणण्याची ऊर्मी समीक्षकाला होते. माझीही झाली होती. पण ती ऊर्मी म्हणजे पुन्हा तोच निकष आहे. जे उघडे केले नाही ते अपुरे, आणि जे अपुरे ते कमी अस्सल. वास्तविक 'आमुचं' हे षष्ठीचे अनेकवचन या पुस्तकात फार मोठे काम करते. 'मी'ला मार बसला असे म्हटले की चारचौघे लगेच 'तू काय केलेस' असे विचारतात. स्त्रीवरील संशयाची रचनाच अशी असते की तिचे प्रत्येक वैयक्तिक निवेदन तिच्याविरुद्धचा पुरावा बनते. 'आम्हांला' मार बसत होता असे म्हटले की प्रश्न मारणाऱ्याकडे वळतो. अनेकवचनाने लेखिकेने स्वतःला लपवले आणि त्याच आडोशातून आपल्या घरातील हकीकतही सांगून टाकली. ज्याला कळायचे त्याला कळावे अशा रीतीने. अंग चोरण्याचीही एक कला असते. कमी जागेत उभे राहून अधिक पाहता येते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. अशा रीतीने प्रत्येक मौनाचा गौरव करायचे ठरवले तर दडपणुकीलाच वाङ्मयीन मूल्य प्राप्त होईल. नवऱ्याच्या भीतीने न लिहिलेली पाने ही शेवटी न लिहिलेलीच पाने आहेत. आक्षेप खरा आहे. शिवाय माझ्या वाचनात एक अडचण आहे ती अशी, की मुलाखत हाती नसती तर 'आमुचं'मधील हा दाब मला इतका स्पष्ट दिसला असता का, याची मला खात्री देता येत नाही. संहितेबाहेरच्या कबुलीवर उभे राहून संहितेतील मौन वाचणे हे पद्धती म्हणून निर्दोष नाही. तरीही एवढे म्हणता येते की मौन आणि मौन यांत फरक असतो. जे मौन रचनेत खूण ठेवते (दोन नावांची, अनेकवचनाची, आरोपाच्या क्रियापदाची), त्याचा अन्वय लावणे हे समीक्षेचे काम आहे. जे खूणही ठेवू शकले नाही, त्याबद्दल बोलण्याचा अधिकार समीक्षेला नाही. सईचे मौन दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणूनच 'बलुतं'च्या श्रेष्ठत्वाविषयी मला शंका नसतानाही त्या पानांपाशी मी दरवेळी अडखळतो.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'ने (२००३) ही कोंडी काही अंशी फोडली. तेथे 'मी' आहे आणि तो स्त्रीचा आहे. संसारातील ताण, शिक्षणाला आणि चळवळीला घरातून झालेला विरोध त्यात नावनिशीवार येतो. पण हे पुस्तक उभे आहे ते बांबूच्या पट्ट्यांच्या विणीवर. आईच्या हातातील काम आणि लेकीचे लिहिणे यांच्या साधर्म्यावर. 'मी' म्हणण्याआधी लेखिका आईच्या शेजारी जाऊन बसते. भय तेथेही संपलेले नाही. त्याला फक्त सोबत मिळाली आहे.

ही पुस्तके आता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहेत. वर्गात उतारे मोठ्याने वाचले जातात, तेव्हा काही विद्यार्थी माना वर करून ऐकतात आणि काही पुस्तकात मान घालून बसतात. कोण काय करतो हे शिक्षकाने मोजू नये, पण ते दिसते. एका वर्षी 'बलुतं'मधील महारवाड्याचा एक उतारा वाचताना एका विद्यार्थ्याने मधली चार-पाच वाक्ये गाळली आणि आवाजात कुठेही खंड न पडू देता तो पुढच्या परिच्छेदावर गेला. वर्गात पुस्तके कमी होती, त्यामुळे कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. माझ्यासमोर पान उघडे होते. तो वाचून खाली बसला, आणि मी पुढच्या विद्यार्थ्याला त्याने थांबवले तेथूनच पुढे वाचायला सांगितले.